दोरीवरचा निळा घागरा

…नाही, मी म्हणतो, पँटीला काय धाड भरली होती? साऱ्या गावची पोरं पँटी घालतात, शेतात घालतात, लग्नात घालतात, आणि माझा नातू भूपेश तेवढा म्हणतो, आबा, उन्हाळ्यात पँटीत पाय शिजतात. अरे शिजू दे! आमच्या रनाळे गावच्या उन्हात डोकीसुद्धा शिजतात, कोणी डोकं काढून खुंटीला टांगलं का? पण नाही. पुण्याला होता तेव्हा त्यानं म्हणे पाहिलं, मोबाइलात पाहिलं, चांगली शिकलेली माणसं घोट्यापर्यंत लांब घागरा घालून कामावर जातात, भाजी आणतात… घागरा म्हटलं की त्याला राग येतो, तो स्कर्ट म्हणतो. म्हण बाबा. वर नाडा, खाली घेर, त्याला आमच्यात घागराच म्हणतात, मी चौथी नापास माणूस, मला दुसरा शब्द येत नाही.

आणि तुम्हाला सांगतो, मला घागऱ्याचं भय नव्हतं. मला भय होतं दोरीचं. गावात लोक माणूस पाहत नाहीत भो, दोरी पाहतात! अंगणातल्या दोरीवर काय वाळतंय त्यावरून त्यांना कळतं कोणाकडे पाहुणे आले, कोणाची लेक माहेरी बसली, कोणाच्या सुनेनं चूल वेगळी मांडली. आणि आमचं घर कसं? बाईमाणूस नसलेलं. भूपेशचे आईबाप तो लहान असतानाच गेले, आमच्या हिनं वाढवला, मग हीही गेली. राहिलो आम्ही दोघं. दोन टॉवेल, दोन बनियन, माझं एक धोतर, आमची दोरी म्हणजे साधूची झोळी. त्या दोरीवर उद्या घागरे दिसले तर गाव काय म्हणेल? म्हणेल, ठेवली वाटतं कोणी! आणि म्हाताऱ्यानं ठेवली की पोरानं, यावर पारावर दोन तट पडतील.

तुम्ही म्हणाल, म्हणू दे गावाला. तुमचं काय जातं? पोराचं लग्न व्हायचंय ना! घरबसल्या कंप्युटरवर नोकरी करतो, केळीचा बाग आहे, व्यसन नाही, तरी मुली मिळतात का हल्ली? मुलीवाले येतात आणि विचारतात, घरात सासू नाही, नणंद नाही, आणि म्हातारा पडला तर करायचं कोणी? म्हातारा म्हणजे मी. मी समोर बसलेलो असतो, तरी विचारतात! मी आज आहे उद्या नाही, मला माझं काही नाही… पण मी गेल्यावर या पोराला संध्याकाळी ‘जेवलास का’ एवढं विचारणारं कोणी हवं की नको? त्या विचारानं माझ्या छातीत असं कालवतं, की डॉक्टर म्हणतो गॅस आहे. गॅस कसला, नातू आहे.

बरं, घालायचा तर एक घे, घाल, गप बस. निवड तरी किती? मला शहाद्याला कापडाच्या दुकानात घेऊन गेला. तागे उलगडतो, मुठीत चुरगळून पाहतो, उजेडाला धरून पाहतो, म्हणतो, आबा, हे फुगतं, हे अंगाबरोबर पडतं. दुकानदार मला विचारतो, बाबा, कोणासाठी? मी म्हटलं, भाचीसाठी. तो म्हणतो, उंची किती? मी म्हटलं, या पोराएवढी. आणि हा शहाणा तेवढ्यात कापड स्वतःच्याच कमरेला लावून आरशापुढे उभा! दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं.

तिथून एसटी स्टँडमागं वाहिद टेलरकडे. वाहिद माझा जुना दोस्त, स्वतः लुंगी घालून बसतो. मी भूपेशला म्हटलं, अरे हवाच पाहिजे ना, मग लुंगी घाल, वाहिदला कोणी काही म्हणतं का? तर हा म्हणतो, लुंगी गाडीवर सुटते, आणि तिला खिसा नसतो. वाहिद मला म्हणतो, “चाचा, जिंदगीभर पायजामे सिये, ये लडका घेर पूछ रहा है.” मी म्हटलं, नाही म्हण त्याला. तर म्हणतो, “क्यूं? कपडा उसका, कमर उसकी.” आणि दोन्ही बाजूंना खिसे लावून दिले.

मग घरी सुरू झाला तमाशा. आरशापुढे उभा राहतो, शर्ट आत खोचतो, बाहेर काढतो, पट्टा लावतो, सोडतो. मला ज्ञान देतो, आबा, खाली घेर मोठा असला की वर सुटसुटीत पाहिजे. कोल्हापुरी घालून पाहतो, बूट घालून पाहतो. एक दिवस माझी काळी बंडी घातली वरून! म्हणतो, आबा, ही मस्त बसते. ती बंडी घालून मी कोर्टात साक्ष दिली आहे भो… त्या दिवसापासून मी टोपी डोक्यावर ठेवूनच झोपतो, उगाच तिच्यावर नजर जायला नको.

शेवटी मी हात जोडले. म्हटलं, बाबा, लग्न ठरेपर्यंत घरातच घाल, बाहेर पँट, आणि वाळत घालायचे ते आतल्या खोलीत. कारण लोक माणूस पाहत नाहीत, दोरी पाहतात. पोरगं गुणाचं, ऐकलं त्यानं. पण घोळ कोणी घातला? मीच घातला ना!

झालं काय, पुरुषोत्तमनगरचं स्थळ आलं. बाप धर्मेंद्र साखर कारखान्यात नोकरीला, आई प्रमिलाबाई, मुलगी चारुलता शिकलेली. रविवारी घर पाहायला येतो म्हणाले. मी शनिवारी भूपेशला पँट घालायला लावून शहाद्याला कटिंगला पाठवलं आणि सगळं घर धुवायला काढलं. आतल्या खोलीत घागऱ्यांना कुबट वास येत होता. म्हटलं, हे उन्हात घंटाभर टाकू, वाळले की पेटीत घालून कुलूप लावू, पाहुण्यांना वासही नको नि घागराही नको. अंगणात दोरीवर एकामागे एक टाकले. निळा, काळा, मातकट, आणि तो एक चौकटीचा. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

म्हणे रविवारी कारखान्यात काम निघालं, म्हणून आजच आलो! अरे, फोन नावाची वस्तू आहे की नाही? मी दोरीकडे धावलो, पण गुडघे माझ्याबरोबर येतील तर ना. प्रमिलाबाई गाडीतून उतरल्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं का? घराकडे पाहिलं का? सरळ दोरीकडे!

“आबा, घरमा बाईमाणूस नही, आसं सांगं व्हतं ना तुम्ही?”

मी म्हटलं, नही ना.

“मंग ह्या घागरा कोना शेतस?”

घागरे कोणाचे म्हणे! आता बोला. काय सांगायचं मी? भाचीचे सांगावे तर मला बहीण नाही, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. पोराचे सांगावे तर बाई आल्या पावली परत जाणार. गप्प बसावं तर बाई समजणार, पोरानं कोणी ठेवली. धर्मेंद्र जोडे काढता काढता थांबला, एक पाय जोड्यात, एक बाहेर. ती चारुलता खाली पाहत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच, हे पोरगं एकटं ताट घेऊन बसलंय… माझं तोंड उघडलं आणि आतून निघालं,

“मन्हा शेतस.”

बाईंनी मला वरून खाली पाहिलं. मी म्हटलं, गुडघे वाकत नाहीत, धोतर नेसवत नाही, सुरतच्या डॉक्टरनं सांगितलं. कोणता डॉक्टर, कसला डॉक्टर… सुरत मोठी आहे, कोणीतरी सांगितलंच असेल. बाई म्हणाल्या, पण आज तर धोतर नेसलात. म्हटलं, तुम्ही येणार म्हणून! तर म्हणतात, आमच्यासाठी त्रास नको, सोयीचं असेल ते पेहरा.

पेहरला भो. आत जाऊन धोतरावरूनच निळा चढवला. भूपेश ताडासारखा, मी हा एवढा, अर्धा घेर जमिनीवर! एका हातानं घागरा धरला, एका हातानं पाण्याचा तांब्या, नवऱ्या मुलीसारखा एकेक पाऊल टाकत बाहेर आलो. बाई म्हणाल्या, आबा, लांब व्हस ना तुमले. मी म्हटलं, धुतल्यावर आटतो.

तेवढ्यात भूपेश आला. दारात उभा. मला पाहतो, निळा पाहतो, पाहुण्यांना पाहतो. मला वाटलं, आता हा हसणार आणि सगळं मुसळ केरात. हसला नाही. वाकून माझ्या पाया पडला आणि कानाशी म्हणाला, “आबा, उलटा पेहरेल शे.”

मी मनात म्हटलं, संपलं, हे स्थळ गेलं. तर दुसऱ्या दिवशी होकार! प्रमिलाबाई फोनवर म्हणाल्या, ज्या घरात म्हातारा माणूस गावाची लाज न धरता सोयीचं पेहरतो, तिथं माझ्या पोरीला ‘डोक्यावर पदर घे’ म्हणणारं कोणी नाही. म्हणजे बघा, जन्मभर गावाला भिऊन राहिलो आणि एका दुपारीत निडर ठरलो. त्या पोरीला तर भूपेशनं पुढच्याच फोनवर खरं सांगून टाकलं. ती म्हणाली म्हणे, कळलंच होतं, आबांचे खिसे गुडघ्यापाशी आले होते. पण आईला बोलली नाही. हुशार आहे, टिकेल.

साखरपुड्याला अख्खी भाऊबंदकी मांडवात. आहेराची ताटं आली. आमच्यात म्हाताऱ्याला टोपी, उपरणं नि धोतरजोडी देतात. माझ्या ताटात टोपी होती, उपरणं होतं, आणि धोतरजोडीच्या जागी… जोडीच होती! मरून रंगाचे दोन घागरे, जरीचा काठ. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, आबांना धोतर चालत नाही, म्हणून खास शिवून घेतले. आणि आहेर तर तिथंच अंगावर घालावा लागतो. घातला. दुसरा भूपेशनं हात पुढे करून घेतला, म्हणाला, आबांची सोबत करतो. घालून उभा राहिला माझ्याशेजारी, वर पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “आज्यानं बिघाडं पोऱ्याले.”

मी बिघडवलं? मी?… पण बोलू कोणाला? सून घरात आली आहे, संध्याकाळी ‘जेवलात का’ असं दोघांनाही विचारते. भूपेश आता घागऱ्यावरच बँकेत जातो, बाजारात जातो, लोक म्हणतात, आज्यावर गेला. व्याही केव्हाही येतात, म्हणून मलाही रोज घालावा लागतो. वाहिदनं माझे खालून कापून दिले, कापड उरलं त्याची पिशवी शिवली.

आता माझी पेटी नाही नि कुलूप नाही. सगळं बाहेर दोरीवर. लोक माणूस पाहत नाहीत ना, दोरीच पाहतात ना? जाताना पाहून जा. आखूड तो माझा.