अडॅप्टर पोटात गेला

इंदापूरचे रेडिओवाले सलीमभाई लई हुशार, पन मला विचारा! माझ्या सिंथेसायझरचा अडॅप्टर सारखा कुणाच्या तरी पायात यायचा, म्हणून त्यांनी अडॅप्टरमधला ट्रान्सफॉर्मर सिंथेसायझरच्या आतच बसवून दिला. मी खुश.

मग बारामतीला लग्नात वाजवत होतो. पंगत बसली, पोटात कावळे ओरडायला लागले, पन नवऱ्याचे मामा नाचायचं थांबंनात. मी नेहमीचा डाव टाकला, "मामा, अडॅप्टर तापलाय, बंद करावं लागंल."

वऱ्हाडातनं सलीमभाईच छाती काढून पुढं आले. "अडॅप्टर हाय कुठं आता? मी सगळं आत घातलंय. संध्याकाळपर्यंत वाजव, तापायचं न्हाय!"

मामा पुन्हा सुटले. सलीमभाई जेवून आले. माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनीच माझ्या तोंडात जिलबी कोंबली, सिंथेसायझरवर हात ठेवला आन म्हणाले, "बघ, अजून गार हाय!"