भिंतीवरचा घड

बऱ्हाणपूरच्या बस स्टँडवर प्रतिभा गाडीची वाट पाहत बसली होती. समोरच्या भिंतीवर पेंटर तापी, असीरगड आणि केळीचा मळा रंगवत होता. एक म्हातारी त्याच्या शिडीखाली येऊन थांबली.

“काय रे भाऊ, घड असा असतो?”

“का माय? चांगला पिवळाधमक आहे.”

“तेही चूकच, घड हिरवाच उतरवतात. पण ते जाऊ दे. केळ्यांची टोकं खाली कशी?”

“दुकानात अशीच लटकतात ना.”

“दुकानात फणी तोडून खिळ्याला टांगतात! झाडावर घड लोंबतो, पण एकेक केळं आभाळाकडं वळतं. तापीच्या गाळात आमच्या तीन पिढ्या राबल्या, आणि आमच्याच बऱ्हाणपुरात हे?”

“मी तर पेंटर, माय. कागदावर जैसा मिळाला, वैसाच काढला.”

“कुणी दिला कागद?”

“शाळेतल्या ड्रॉइंगच्या मॅडमनी.”

“कुठल्या बाहेरगावच्या?”

“नाही, इथल्याच.”

“मग तर हद्द झाली! पूजेला केळीचे खांब बांधतात, केळीच्या पानावर जेवतात, आणि मळ्यात जाऊन एकदा मान वर करून बघता येत नाही? सांग त्यांना, फोपनारला भागाबाईच्या मळ्यात या म्हणावं!”

प्रतिभानं मांडीवरची चित्रांची वही मिटली आणि ती शिडीपाशी गेली.

“भाऊ, घड आज राहू द्या. मावशी, फोपनारची गाडी कितीला आहे?”

भागाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“आत्ताच आहे. पण ही चप्पल चालायची नाही. मळ्यात चिखल असतो.”