वाळवंटातल्या दहा ताटल्या

तोत्तोरीच्या वाळवंटातल्या सहलीत कुणीतरी गुपचूप कागदी ताटल्या आणल्या होत्या. नाव घेत नाही! वाळूतलं, थेंबाथेंबावर चालणारं हरितगृह बघायला जायचं आणि तिथेच कचरा करायचा? मी मात्र घरून, थेट ओजिमाहून, स्टीलच्या दहा ताटल्या वाहून नेल्या. मला तिथे उन्हाळाभर काम हवं होतं, म्हणून मालकीण मोरी-सानना कचऱ्यावर भाषणही ऐकवलं. त्या खूश झाल्या.

पुरीभाजीनंतर मी तेलकट ताटल्या नळाखाली खसाखसा घासल्या. दहावी धुताना भोंगा वाजला. टाकीतलं टोमॅटोंचं संध्याकाळचं पाणी संपलं होतं.

"मोरी-सान, माझ्या कामाचं काय?"

त्या टाकीकडे धावल्या. तिथे टोमॅटो तोडणाऱ्या एक आजी कमरेत वाकून म्हणाल्या, "जरूर या. फक्त जेवून या."