सगळं मान्य

रूपचंद : ऐक सूनबाई. माणूस बायकोपासून लपवेल, देवापासून लपवेल; पण या इंटरनेटपासून पृथ्वीतलावर काही म्हणजे काही लपणार नाही!

दामिनी : नाना, आधी टॅब चार्जिंगला लावा. तीन टक्के राहिलेत.

रूपचंद : तीन टक्क्यांतही चुगली करतोय तो. आठ दिवस बघतोय. केळीचा भाव उघडला की शेजारी जाहिरात : धडगावला एक खोली भाड्यानं. हवामान उघडलं : घाटात गाडी लागू नये म्हणून गोळ्या. निधनवार्ता वाचायला घेतल्या, तर नर्सचे पांढरे बूट. पाच नंबर! माझा पाय नऊ आहे.

दामिनी : जाहिराती काय, कोणालाही येतात.

रूपचंद : मलाही तसंच वाटलं. म्हणून खापरला भूपेंद्रला फोन केला. भाच्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, कधी तरी उपयोग व्हावा. तो म्हणाला, मामा, या कुकीज. आपण एका वेबसाइटवर गेलो की आपल्या यंत्रात खुणेची एक चिठ्ठी पडते. मग जाहिरातवाले पुढच्या वेबसाइटवर ती चिठ्ठी वाचतात नि त्याच मालाची जाहिरात डोळ्यांपुढे नाचवतात. म्हणजे या टॅबवर कोणी तरी खोली शोधलीय. घरात माणसं तीन. नवनीतला केळीच्या बागेतून फुरसत नाही. मला तो घाट नुसता आठवला तरी मळमळतं.

दामिनी : मी शोधी ऱ्हायनी, नाना. मन्हीच खोली शे ती.

रूपचंद : नीट मराठीत बोल.

दामिनी : नीट बोलते. नर्सची ऑर्डर आलीय. सोमवारी धडगावला हजर व्हायचंय.

रूपचंद : कोणाला विचारून?

दामिनी : तुम्हाला. तीनदा. पहिल्यांदा तुम्ही नाही म्हणालात. दुसऱ्यांदा नाही म्हणताना पेपरातून मान वर केली नाहीत. तिसऱ्यांदा तर माझं वाक्यही पूर्ण झालं नव्हतं.

रूपचंद : पाटलाच्या सुनेनं डोंगरात एकटीनं खोली करून राहायचं? म्हसावदमध्ये तोंड दाखवू का नको मी?

दामिनी : नाना, ती चिठ्ठी ठेवण्याआधी परवानगी विचारतात, हे सांगितलं का भूपेंद्रभाऊंनी?

रूपचंद : त्यानं कशाला सांगायचं? विचारतात ना. मी दर वेळी 'सगळं मान्य' दाबतो. समोरचा परका माणूस एवढ्या अदबीनं विचारतो. तोंडावर नाही म्हणणं आपल्या घराण्यात बसत नाही.

दामिनी : बसतं, नाना. मी पाहिलंय.

(रूपचंद टॅब चार्जिंगला लावतो.)

रूपचंद : जीभ फार चालायला लागली. नवनीत बागेतून आला की हा टॅब त्याच्यापुढे ठेवणार मी.

दामिनी : ठेवा. जरा खालपर्यंत सरकवून ठेवा. मी भाजीची कृती उघडते तेव्हा मला काय दिसतं, तेही बघू दे यांना.

रूपचंद : काय दिसतं?

दामिनी : 'साठीनंतर सोबत हवी? विधुर व सुशिक्षितांना प्राधान्य.' दिवाळीपासून दिसतंय.

रूपचंद : ते... बोट लागलं असेल चुकून.

दामिनी : मागोमाग केसांचा कलप यायला लागला. तो तर तुम्ही मागवलात पण.

रूपचंद : नवनीतला बोललीस?

दामिनी : नाही. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. तुमच्याशी दोन शब्द बोलायला घरात आहे कोण? म्हटलं, माणूस सोबत शोधतोय, शोधू दे. मी कोण अडवणार?

रूपचंद : माझी गोष्ट वेगळी.

दामिनी : हो. तुम्हाला कोणाला विचारावं लागलं नाही.

रूपचंद : दामिनी, हेडमास्तर होतो मी. मुलींनी शिकावं म्हणून घरोघर फिरलोय.

दामिनी : माहीत आहे. आमच्याही घरी आला होतात. पोरीला नर्सिंगला घाला म्हणून बापूंच्या मागे लागलात. मग मी पास झाले, तर तुम्हीच मागणी घातलीत. साखरपुड्यात माझं सर्टिफिकेट पाहुण्यांत फिरवलंत, नि तुमच्या कपाटात ठेवून दिलंत. शेताच्या उताऱ्यांखाली.

रूपचंद : तिथंच आहे. कुठं जातंय?

दामिनी : नाही. पिशवीत आहे माझ्या.

रूपचंद : सोमवार म्हणजे परवा.

दामिनी : सकाळी सहाला शहाद्याहून जीप आहे.

रूपचंद : नवनीत चिडेल.

दामिनी : चिडतील. तुम्ही काय सांगणार त्यांना?

रूपचंद : मी? मला काय विचारतेस? माझं ऐकतं कोण या घरात... दामिनी.

दामिनी : काय?

रूपचंद : वाटीभर डाळीला पाणी किती घालायचं, तेवढं सांगून जा.