ट्रायलची गाडी

(सोलापुरातल्या एका ट्रान्सपोर्टचं ऑफिस. टेबलामागं मॅनेजर सोमशेखर. समोर काम मागायला आलेले दोन ड्रायव्हर, बिरप्पा आणि अजिनाथ.)

सोमशेखर : ओरिजिनल लायसन्स ठेवा मामा, झेरॉक्स नको. ट्रायल झाली की परत देतो.

बिरप्पा : माजी ट्रायल झाली की सायेब. हैद्राबादला जाऊन आलो.

सोमशेखर : नाव काय म्हणालात?

बिरप्पा : बिरप्पा. मंद्रूपचा. आलो तवा तुमी म्हणला, हात चांगला हाय. मग साखर भरून हुबळीला धाडलं. तितनं आल्यावर म्हणला, ही बी ट्रायलच, फोन करतो.

सोमशेखर : मग केला असेल की.

बिरप्पा : न्हाय केला. म्हयना झाला.

सोमशेखर : रोज किती जण येतात मामा, कुणाकुणाला लक्षात ठेवू? आज बेंगळुरूचं लोड आहे. एक ट्रायल द्या, मालकांच्या कानावर घालतो.

बिरप्पा : ही तिसरी हुईल.

सोमशेखर : आधीच्या जुन्या फॉर्मवर होत्या. आता सिस्टीम बदलली. सक्ती नाही बघा, हे पण सकाळपासून बसलेत. मी गोडाऊनला जाऊन येतो, तोवर दोघं ठरवा.

अजिनाथ : मामा, तुमाला गाडी कुटली दिल्ती?

बिरप्पा : ती की, दारात हुबी हाय. डावा आरसा फुटल्याली.

अजिनाथ : मलाबी तीच. गेल्या हप्त्यात नागपूरला. जेवणापुरतं दिलं, बाकी फुकट.

बिरप्पा : तुला बी फोन करतो म्हणलं?

अजिनाथ : व्हय. पर मला गाडीत बसल्या बसल्याच शंका आल्ती. एवढी पळल्याली गाडी, आन् केबिनमदी देव न्हाय, हार न्हाय, लिंबू न्हाय. म्हंजी हिला कायमचा डायवर न्हाईच. फकस्त काचंपशी पिवळं काय तरी लागल्यालं.

बिरप्पा : भंडारा. आमच्या बिरोबाचा. मी लावल्याला.

अजिनाथ : ट्रायलच्या गाडीत देव बसवला?

बिरप्पा : दुसऱ्यांदा चावी दिली तवा मला वाटलं, लागलो कामाला. मंडळीनं, अंबूनं, पुडी बांधून दिल्ती. हुबळीच्या वाटंवर लावला आन् तिला फोन केला. गाडीत देव बसला म्हंजी गाडी आपली, तिला बी म्हायती हाय की.

अजिनाथ : मामा, ते मीच पुसलं. मॅनेजर म्हणला, केबिन धुवून जमा कर. मला काय म्हायती.

बिरप्पा : आसू दे.

अजिनाथ : शिव्या तरी द्या.

बिरप्पा : यील तवा दीन. घाटात क्लच दाबून दाबून पाय बधिर हुतो न्हवं, तसं झालंय. सकाळी डबा घिऊन निगतो, अक्कलकोट नाक्याला दिसभर बसतो, सांजच्याला घरी. अंबू इचारती, आज गाडी कुटं गेल्ती? मी एक गाव सांगतो. लातूर सांगतो. तुळजापूर सांगतो.

अजिनाथ : कवर सांगणार?

बिरप्पा : परवा अमावस्या. नारळ घिऊन ती हितं येणार हाय, गाडीपुडं फोडायला. म्हणून आलो आज. म्हणलं, पक्कं करत्यात का बगावं.

सोमशेखर : हां, काय ठरलं? कोण जातंय?

अजिनाथ : सायेब, एक खरं सांगा. ही गाडी तुमी ट्रायलवरच चालवता न्हवं? कायमचा माणूस ठेवणारच न्हाय तिच्यावर.

सोमशेखर : ते मालकांना विचारा. मी पण पगारी माणूस आहे. तुम्ही नाही गेलात तर गेटवर अजून चौघं उभे आहेत.

अजिनाथ : मग त्यास्नी इचारा. मामा, उटा. माज्या गावाला, करकंबला चला माज्यासंगं. श्रीपूरच्या कारखान्याला उसाच्या ट्रॅक्टरवर माणसं लागत्यात.

बिरप्पा : कारखाना कवा सुरू हुतोय?

अजिनाथ : दोन म्हयन्यांनी.

बिरप्पा : अमावस्या परवा हाय.

अजिनाथ : मामा...

बिरप्पा : सायेब, बेंगळुरूवनं परत यायला किती दिस?

सोमशेखर : माल उतरून, तिकडचा भरून, चार दिवस धरा.

बिरप्पा : म्हंजी परवा गाडी हितं नसती.

सोमशेखर : नाही. का हो?

बिरप्पा : काय न्हाय. हे घ्या लायसन.

सोमशेखर : ही चावी. आल्यावर केबिन धुवून जमा करायची, विसरू नका. आणि काम चांगलं झालं तर फोन करतो.

बिरप्पा : व्हय... हॅलो, अंबू? परवा येऊ नगंस. गाडी बेंगळुरूला चाललीय... मीच की, दुसरं कोण? न्हाय, मोडली न्हाय, चांगली हाय गाडी. नारळ ऱ्हाऊ दे घरात... व्हय, पुडी खिशातच हाय. ठिवतो फोन.

अजिनाथ : परत लावणार भंडारा?

बिरप्पा : न्हाय. ह्या बारीला मलाच पुसायला लागंल.