नूराच्या बादलीतली ताजी तारली

मी मूळचा दाभोळ खाडीच्या तोंडाजवळचा, खारवी आमी, आणि काय सांगू ताई तुमाला, डॉल्फिन म्हंजे आमच्याकडे शिव्या घालायची वस्तू, जाळी फाडतात म्हणून बाप त्यांचा उद्धार करायचा, आणि त्याच्याच पोराला दुबईत काम मिळालं ते डॉल्फिनला जेवू घालायचं. नव्वद सालानंतरची गोष्ट. बाप फोनवर हसला, म्हणाला, वर्षभर घरी बसला असतास तरी लाज राहिली असती.

डॉल्फिनच्या खेळाच्या तलावामागं माशांचं एक किचन व्हतं. बर्फाच्या लादीतली तारली आदल्या दिवशी काढून ठेवायची, वजन करायचं, कल्ल्यात व्हिटॅमिनची गोळी खोचायची, आणि नूराच्या बादलीत नूराचीच. नूरा म्हंजे आमची म्हातारी डॉल्फिन. माझ्या पावलाचा आवाज आला की काठाशी हजर.

आता मी मासेवाल्याचा पोर, कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा घेणारा नाय. ते पांढरट कल्ले बघून माझाच जीव कासावीस व्हायचा. बिचारीला शिळं घालतो आपण, शिळं. थांबा, उभा राहूनच सांगतो, बसून नाय सांगता येत हे. आमच्या गावचा सुरेश तिकडंच कामाला, खोर फक्कान नावाच्या बंदरावर, तो शुक्रवारच्या सुट्टीला माझ्याकडं येताना होडीवरची ताजी तारली आणायचा. ती मी गुपचूप नूराला घातली. एकदा, दोनदा, मग दर शुक्रवारी. काय खुश व्हायची ती!

आणि एक दिवस तिनं बर्फातल्या माशाला तोंडच लावलं नाय. गोळ्या तशाच बादलीत. डॉक्टर मॅडम आल्या, रशियन बाई, मोडकंतोडकं हिंदी यायचं त्यांना, म्हणाल्या, पोटात काहीतरी आहे, रक्त घ्या, नळी घाला. आमचे केरळचे सुपरवायझर ओरडले, यल्ला, चलो, पकडो उसको. शेपटीकडून कोण धरणार, तर मी. कारण मी धरली की ती गप राहायची. तिनं काय खाल्लंय ते मला सगळं ठाऊक, आणि मी धरून उभा. बोललो तर व्हिसा खलास, घरी बहिणीचं लग्न ठरलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी. पुन्हा मीच.

तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, बेशुद्ध करून बघावं लागेल, म्हातारी आहे, उठेलच असं नाय. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, मॅडम, मैंने खिलाया. ताजा.

त्या ओरडल्या नाहीत. कितना खिलाया, कब खिलाया, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, ताज्या माशात किडे असतात, बर्फात ते मरतात, म्हणून बर्फातला घालतो. जंताचं औषध दिलं. चार-पाच दिवसांनी नूरानं पहिला मासा गिळला, आणि मी किचनच्या मागं जाऊन रडलो.

नोकरी राहिली, किचन गेलं. मला फिल्टर धुवायला घातलं, काठावर जायची बंदी. पण मी लांबून जरी गेलो तरी ती यायची, तोंड वर करून माझ्याचकडे बघायची.

आता घरी येऊन बरीच वर्षं झाली. ती असेल, नसेल. असेल तिथं पोटभर खाऊ दे. मॅडमनी सगळं विचारलं, दोन दिवस गप का बसलास तेवढं विचारलं नाय. बायकोलाही मी सांगितलेलं नाय, आज तुमाला सांगतोय. आणि खरं सांगू ताई, नूरानं एकदा तरी माझ्यापासून तोंड फिरवायला पायजे व्हतं.