कोयत्याला सुई

२०२१ साल, दिवाळीच्या आधीची गोष्ट. पाथर्डीला कोरोनाच्या लसीच्या रांगेत केशरबाई बसल्या होत्या. त्यांच्या पुढे ऊसतोडीला निघालेले नवराबायको, जालिंदर आणि चांगुणा. दोघांनाही कोरोना होऊन गेलेला.

जालिंदर म्हणाला, "डाक्टर काय म्हनले? तुझ्या रगतात लढायची ताकद अजून हाय, माझी उतरली."

"म्हनून तर सुई घ्यायची."

"कशाला? मुकादम नवराबायकोला मिळून एकच कोयता धरतो. तुझी ताकद ती कोयत्याची, म्हंजी माझीबी."

"व्हय का? ताप दोघांना आल्ता. खाटंवर कोन हुतं? भाकरी कुनी थापल्या?"

"कोयत्यानं."

"मग आता कोयत्याला सुई. बाही वर करा."

"तूच घे की माझ्या वाटची. तुला दुखत न्हाई."

"सिस्टर, यांना आधी टोचा. मी धरते."

सुई दंडाला लागायच्या आतच जालिंदर आडवा झाला. हल्ली तो ट्रॅक्टर चालवतो आणि डासालाही घाबरतो. चांगुणा दर हंगामाला मुकादमाला बजावते, "माझा कोयता येगळा लिव्हा." मुकादम दर हंगामाला हसतो.

केशरबाईंनी जन्मभर नवऱ्याबरोबर अर्धा कोयता म्हणून ऊस तोडला होता. त्या आता राहिल्या नाहीत. त्या दिवशी नंबर आल्यावर मात्र त्यांनी दंड पुढे केला आणि सिस्टरला दटावले, "मला पुरी दे गं. अर्धी न्हाई चालायची."